चारही सिलेंडरला नव्वद

यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो माणूस आजही गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीत राहतो. ७ मार्च २०२४. गुरुवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन होतं.

त्याचं नाव हरिश्चंद्र. तीस वर्षं त्याने मुंबईत टॅक्सी चालवली. मग ती जुनी काळी-पिवळी घेऊन बायकोसह गावी आला. गाडीला त्याने कधी परका हात लावू दिला नाही. इंजिन तोच उघडायचा. मदतीला एकटी मालन, त्याची बायको.

ती नोव्हेंबरात गेली.

जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. मुलगी आम्रपाली म्हणाली, आता बदलापूरला चला. गाडीला चिपळूणचं एक गिऱ्हाईक होतं, पण त्याला ती चालू हवी होती. गाडी चालू झाली की द्यायची आणि घराला कुलूप लावायचं, असं ठरलं.

हरिश्चंद्र हो म्हणाला. तेव्हा तो सगळ्यालाच हो म्हणत होता.

त्याने इंजिन उतरवलं. नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, सगळं परत बांधलं. मग कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघायला घेतलं. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचा, स्टार्टर फिरवायचा आणि काटा कुठवर जातो ते बघायचं.

काटा दीडशेला जायला हवा होता.

नव्वदला थांबला.

चारही सिलेंडरला नव्वद.

त्याने भोकात चमचाभर ऑइल सोडलं. रिंगा गळत असत्या तर काटा बराच चढला असता. जेमतेम हलला. व्हॉल्व्हचा गॅप तपासला, बरोबर. टायमिंगच्या खुणा जुळत होत्या. हेड पुन्हा उघडून नवं गॅस्केट टाकलं.

पुन्हा नव्वद.

त्या गुरुवारी तो पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच होता. बॅटरीवरून स्टार्टरला वायर लावायची आणि बॉनेटपाशी उभं राहून गेज बघायचा, असं चाललं होतं. शेजारच्या रावजींच्या बागेतला पंप सुरू होता.

मग पंप बंद झाला.

कोंबड्यांचा आवाज नाही. वारा नाही...

त्याने वायर टेकवली. इंजिन फिरलं. पण आवाज वेगळा होता. कार्बोरेटर हवा ओढत होता... खोल, भरून, छातीभर श्वास घ्यावा तसा.

काटा दीडशेला गेला.

त्याने दुसरा सिलेंडर बघितला. दीडशे. तिसरा. चौथा. सगळे दीडशे.

त्याला आनंद झाला नाही. त्याने हात पुसले आणि मुंबईला गंगारामला फोन लावला. गंगाराम भायखळ्याचा जुना मिस्त्री. काल नव्वद होतं, आज दीडशे, हात न लावता, एवढंच त्याने सांगितलं.

गंगाराम हसला. म्हणाला, "काल पेडल दाबलं नसशील. अॅक्सिलरेटर पार खाली दाबल्याबिगर हवा आत जाते का रे? तीस वर्षं टॅक्सी चालवलीस का ढकललीस?"



हरिश्चंद्र हे विसरला नव्हता. त्याला ते माहीतच नव्हतं. आजवर दर वेळी मालन ड्रायव्हरच्या सीटवर बसायची. "ओढू?" विचारायची आणि स्टार्टर ओढायची. खाली पायाने ती काय करते, ते त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याची नजर काट्यावर असायची.

"वैनीला मीच शिकवलं होतं," गंगाराम म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "आज कोण बसलंय गाडीत?"

हरिश्चंद्र फोन कानाला तसाच धरून दरवाजापाशी गेला.

सीट रिकामी होती.

पेडल खाली होतं. जमिनीला टेकलेलं.

तो बघत राहिला... आणि पेडल वर आलं. सुटून नाही. हळूहळू. कुणी पाय उचलावा तसं.

त्याने फोन ठेवला. गाडीचं दार लावलं नाही. प्लगही परत बसवले नाहीत.

शुक्रवारी दुपारी पुन्हा दीडशे. शनिवारीही दीडशे. इंजिनात काही खोट नव्हती. प्लग लावले असते तर गाडी तासाभरात रस्त्यावर आली असती.

रविवारी आम्रपाली आली. चहाचा कप घेऊन शेडमध्ये उभी राहिली.

"बाबा, झालं का इंजिन?"

"नाय," तो म्हणाला. "कंप्रेशन कमी येतंय."

गाडीत सीटची स्प्रिंग करकरली... बसलेलं माणूस उठावं तशी.

आम्रपालीने वळून बघितलं. "मांजर शिरलंय वाटतं," ती म्हणाली. काचेतून वाकून तिने आत पाहिलं. आत काही नव्हतं.

सोमवारी त्याने वायर टेकवली.

नव्वद.

मंगळवारी नव्वद. त्यानंतर आजपर्यंत, रोज दुपारी तीनला, नव्वदच.

चिपळूणच्या माणसाने दुसरी गाडी घेतली. आम्रपाली फोनवर विचारते, तो तेच उत्तर देतो. आता ते खोटं नाही.

पेडलवर चिऱ्याचा एक तुकडा ठेवला तर काटा दीडशेला जाईल, हे त्याला माहीत आहे. शेडच्या दाराशी चिऱ्यांचा ढीग पडलाय.

त्याने अजून ठेवलेला नाही.