शिंग विकत घेत नाहीत

मी माणसांचे चेहरे विसरते, हात विसरत नाही. हातमोजे शिवणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीचं असंच होतं. त्यामुळे त्याचाही आधी हातच दिसला... दुकानाचं कापडी छत बाहेर ओढणारा, पावसानं भिजलेला, लांब बोटांचा. साडेआठ नंबर, मी मनात म्हटलं, आणि मग वर बघितलं.

मार्च महिना होता आणि नेपल्समध्ये सकाळपासून रिपरिप चालू होती. हातमोज्यांचा खोका छातीशी धरून मी दिसेल त्या आडोशाला शिरले होते. आडोसा निघाला एका ओळखीच्या प्रवास कंपनीच्या कचेरीचा.

"खोका आत ठेवा," तो म्हणाला. "तुम्ही भिजलात तर वाळाल. चामडं भिजलं तर गेलं."

"आत चामडं आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"वास येतोय. आणि तुम्ही स्वतःपेक्षा त्यालाच जास्त जपताय."

मी हसले. खोका मात्र सोडला नाही.

उभ्या उभ्या एक गंमत दिसली. गल्लीतून जाणारा जो तो आमच्यासमोर आला की शटरच्या लोखंडी खांबाला हळूच हात लावून पुढे जायचा. एक म्हातारे गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली, मासेवाली. समोरचा न्हावी तर पावसात रस्ता ओलांडून आला, हात लावला आणि परत गेला.

"इथं कुणा संताची तसबीर आहे का?" मी विचारलं.

"नाही. इथं मी आहे," तो म्हणाला. "साव्हेरियो. प्रवासाचा विमा विकतो."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात अभद्र टाळायला लोखंडाला हात लावतात, आणि दिवसभर आजारपण, अपघात, बुडालेलं सामान यांचीच नावं घेणारा माणूस म्हणजे चालतं-बोलतं अभद्रच.

"त्या न्हाव्यानं गेल्या वर्षी माझ्याकडून पॉलिसी घेतली," तो सांगू लागला. "पाचव्या दिवशी जिन्यावरून पडला, पाय मोडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तेव्हापासून मी कावळा."

"पण पैसे मिळाले ना त्याला?"

"सगळे मिळाले. ते कुणी सांगत नाही." त्यानं खांद्यावरचं पाणी झटकलं. "तुम्ही कुठं प्रवासाला वगैरे...?"

"जहाजानं, सात दिवस. मी आणि माझी मावशी. तिकिटं तुमच्याकडूनच काढलीत, पुढच्या टेबलावरच्या बाईंकडून."

"म्हणून भेट झाली नाही. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून मला मागे बसवतात. मग... विमा घेतलात?"

आणि माझा हात, खरं सांगते, मला न विचारताच खांबाकडे गेला.

त्यानं ते पाहिलं. "असू दे," तो हसत म्हणाला. "मला सवय आहे." पण नजर खाली गेली होती. त्या दिवशी घरी आल्यावर मी हातमोज्याचं एकच बोट तीनदा उसवलं आणि तीनदा शिवलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पाऊस नव्हता, त्यामुळे सबबही नव्हती. सबब नव्हती, पण कारण होतं, आणि ते कारण म्हणजे एर्सिलिया मावशी.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मावशीनं मला वाढवलं, शिवणयंत्रावर बसवलं, माझ्यासाठी स्वतःला आलेली दोन स्थळंही परतवून लावली. चाळीस वर्षं गच्चीवर चामडी वाळत घालताना ती बंदरातून सुटणारी जहाजं बघत आलीय. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी कॉफी घेऊन कामाच्या खोलीत गेले, तर ती जमिनीवर पडलेली होती, हातात अर्धा शिवलेला हातमोजा. हृदयात स्प्रिंग बसवावी लागली. बरी झाल्यावर ती म्हणाली, आता बघत बसायचं नाही, जायचं. मंगळवार नको, शुक्रवार नको, सतरा तारीख तर नकोच, असे अशुभ दिवस टाळत टाळत तिनं मे महिन्यातला एक शनिवार काढला. तेव्हापासून मी रोज एकच चित्र बघत होते. चारही बाजूंना समुद्र, आणि मावशी जमिनीवर.

"तिकीट काढल्यापासून दहा दिवसांच्या आत विमा घ्यावा लागतो," साव्हेरियोनं कागद पुढे सरकवला. "तुमचे चार उरलेत. मावशींना आधीचा काही आजार?"

मी सांगितलं. त्यानं तो कागद परत ओढून घेतला.

"मग ही घेऊ नका. यात जुनं दुखणं बसत नाही. तुम्ही घ्याल, मी विकेन, आणि वेळ आली की ते हात वर करतील. दुसरी आहे, महाग. पण तिच्यात भर समुद्रातून उचलून किनाऱ्यावर दवाखान्यात आणण्यापर्यंत सगळं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, आणि तब्येतीच्या कागदावर मावशींची स्वतःची सही."

"हे तुमच्या कंपनीला चालतं? विकायची सोडून नको म्हणून सांगणं?"

"कंपनी पुढच्या टेबलावर बसते," तो म्हणाला. "इथं मी बसतो."

मग त्यानं प्रवास रद्द करायची कारणं वाचून दाखवली. मृत्यू. मी खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला. अपघात. पुन्हा हात. घराला आग...

"थांबा जरा," मी म्हटलं, "हात दुखला माझा."

"अजून पाच आहेत."

"त्यात एक घाला. निघायच्या आधी माणूस प्रेमात पडलं आणि जावंसंच वाटेना, तर?"

त्यानं कागद उलटसुलट केला, जणू खरंच शोधतोय... "ते बसत नाही," तो शेवटी म्हणाला. "अचानक घडलेलंच यात धरतात. हे आधीपासून कळत असतं."

"कळतं?"

"मला तर पावसातच कळलं होतं."

मी खोका उचलला आणि बाहेर पडले. त्या दिवशी मी खोका आणलाच नव्हता, उचललेला खोका कचेरीतल्या छत्र्यांचा होता, हे कोपऱ्यावर कळलं. परत द्यायला गेले तेव्हा तो दारातच उभा होता.

घरी मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

"तो कागद या घरात आला तर मी जहाजावर पाय ठेवणार नाही," मावशी म्हणाली. "मरणाची पावती फाडून का कुणी सहलीला जातं?"

"मावशी, तुझं काळीज..."

"माझं काळीज चाळीस वर्षं या दिवसासाठी चाललंय. अजून सात दिवस सहज चालेल. आणि विकणारा कोण, तो त्या गल्लीतला कावळा ना? त्याच्या सावलीनं दूध नासतं म्हणतात."

"त्याच्या सावलीत मी तासभर बसून आले, मावशी. काही नासलं नाही."

मावशीनं चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

नवव्या दिवशी मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन साव्हेरियोकडे गेले आणि म्हटलं, तिची सही मीच करते. कुणाला कळणार आहे?

"मला कळेल," तो म्हणाला. "आणि खोटी सही निघाली तर तो कागद रद्दी. मग भर समुद्रात तुमच्या हातात काय राहील?"

"मग मी काय करू? सांगा ना. न घ्यावं तर जीव टांगणीला, घ्यावं तर ती घरातच बसेल. चाळीस वर्षांचं तिचं स्वप्न मी मोडू?" मला रडू फुटलं आणि ते थांबवता आलं नाही.

त्याचा हात टेबलावरून पुढे आला... माझ्या हातापासून दोन बोटांवर थांबला. माझ्या गळ्यात साखळीला लाल शिंग असतं, नजर लागू नये म्हणून आमच्याकडे सगळ्यांच्याच असतं. तो त्याच्याकडे बघत होता.

"हे कुठून घेतलंत?"

"घेतलं नाही. मावशीनं दिलं. शिंग स्वतः विकत घेतलं तर लागू पडत नाही, कुणीतरी द्यावं..." मी मधेच थांबले.

"उद्या दुपारी घरी असाल?" त्यानं विचारलं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, तो आमच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात लिफाफा. मावशीनं दार उघडलं आणि उजवा हात सरळ दाराच्या किल्लीवर ठेवला. लोखंडाची किल्ली.

"विकायला आलात?"

"नाही, द्यायला आलोय," साव्हेरियो म्हणाला. "पैसे मी भरलेत. तुम्ही विकत घेतलं तर अपशकुन, मान्य. पण मी दिलं तर हे शिंगच झालं. नुसतं कागदाचं."

मावशी हरली असती तर ती मावशी कसली. तिनं लिफाफ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीत बसली. ही एक सही झाली नाही तर एकतर तिचं जहाज चुकणार होतं, नाहीतर मी सात दिवस तिचा श्वास मोजत बसणार होते.

"शिंग परक्याकडून घेत नाहीत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्ही परके."

"तेच... म्हणजे, तेवढ्यासाठीच मी..." तो अडखळला. दिवसभर दुसऱ्यांची संकटं धडाधड वाचणारा माणूस, त्याला शब्द सापडेना.

"ताकाला आलात ना? मग भांडं कशाला लपवताय?" मावशी म्हणाली.

"माझं रोझाल्बावर प्रेम आहे," तो म्हणाला. "तिनं नाही म्हटलं तरी कागद तुमचाच. पण हो म्हटलं, तर मी परका राहणार नाही."

खोलीत फक्त रस्सा रटरटत असल्याचा आवाज होता. रविवारचा रस्सा आमच्याकडे शनिवारपासूनच चढतो. मावशीनं माझ्याकडे मान वळवली.

"पोरी, याच्या हाताचा नंबर काय?"

"साडेआठ," मी म्हटलं.

"मोजलास?"

"नाही."

"डाव्या हाताचं मधलं बोट?"

"उजव्यापेक्षा किंचित लांब. अंगठ्यापाशी शिवण सैल ठेवावी लागेल."

मावशी हसायला लागली. तिनं चाळीस वर्षं हातमोजे शिवलेत. न मोजता कुणाचा हात इतका कधी पाठ होतो, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"चष्मा आण माझा," ती म्हणाली. "कुठं सही करायची ते दाखव रे. आणि उद्या जेवायला ये. बारा म्हणजे बारा."

तिनं त्याला अरे-तुरे केलं आणि सही केली. मग डावा तळहात पुढे धरला. शिंग देणाऱ्यानं त्याचं टोक घेणाऱ्याच्या डाव्या तळव्याला टोचायचं असतं, तेव्हाच ते जागं होतं. साव्हेरियोनं लिफाफ्याचा कोपरा तिच्या तळव्याला हळूच टोचला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी न सांगता माझाही डावा हात पुढे केला. त्या कोपऱ्याचं टोचणं मला अजून आठवतं. मी त्या दिवसापासून त्याला 'तू' म्हणायला लागले.

मेमध्ये आम्ही गेलो. मावशी सातही दिवस पहाटे उठून कठड्याशी उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक गावातल्या गच्च्या बघायची. "तिथंही कुणीतरी बाई आपल्याकडे बघत असेल," असं म्हणून ती हात हलवायची. काळीज एकदाही कुरकुरलं नाही. मी रात्री शांत झोपले.

"बघ, काही झालं नाही," उतरताना ती म्हणाली. "कागद लागू पडला."

तो धक्क्यावर उभा होता. मावशीनं पर्समधून लहानसं पोवळ्याचं शिंग काढलं, त्याचा डावा हात धरला आणि टोक टोचलं.

"तुला कुणी दिलं होतं कधी?"

"नाही," तो म्हणाला. "मला कोण देणार?" आणि त्याचे डोळे भरून आले.

शेजारून कचेरीसमोरचा न्हावी पाहुण्यांना घ्यायला चालला होता. साव्हेरियोला बघताच त्याचा हात सवयीनं धक्क्याच्या लोखंडी कठड्याकडे गेला. साव्हेरियोची नजर खाली जाणार होती, तेवढ्यात मी त्याचा हात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि घरापर्यंत सोडला नाही.