जुन्या डब्यातली खरखर

त्या काळी नाशिकमध्ये उघड्या कानाने कोणी कोणाचं ऐकत नसे. गोंगाट इतका वाढला होता की न्हाणीघर सोडून सगळीकडे लोक कानात मणी घालून वावरत. मण्यातली पूर्तिका नावाची चिप गोंगाट गाळायची आणि समोरच्याचं बोलणं स्वच्छ करून कानात सोडायची.

हेरंब खांबेट्यांना मात्र जुन्या प्रीअँपचं वेड. प्रीअँप म्हणजे मायक्रोफोनमधून येणारा क्षीण आवाज मोठा करणारा डबा. हौसेला मोल नसतं; घरातली अडगळीची खोली त्यांनी स्टुडिओ केली होती. बायको वासंती अभंग म्हणे आणि एकाच माइकचा आवाज दोन डब्यांत जाई: एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, दुसरा नवा, पूर्तिकेचा. मग मणी काढून, जुने हेडफोन लावून खांबेटे तुलना करत बसत.

जुन्या डब्यात वासंतीच्या आवाजाला हल्ली एक खरखर येत होती. खांबेटे खूश झाले. व्हॉल्व्हच्या आवाजातली ऊब म्हणतात ती हीच, असं त्यांनी हौशी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं. मंडळींनीही माना डोलावल्या. कोणी डब्याची किंमत विचारली.

एकदा सहज त्यांनी त्याच डब्यातून स्वतःचा आवाज घेतला. खरखर अजिबात नव्हती. वासंतीचा आवाज दुसऱ्या जुन्या डब्यातून घेतला, तर तिथेही ती होतीच. म्हणजे खरखर डब्याची नव्हती, वासंतीच्या आवाजातच होती.

पूर्तिकेवर काम केलेल्या डॉ. यास्मिन मुजावर ओळखीच्या होत्या. खांबेट्यांनी त्यांना गाठलं.

"पूर्तिका नुसता आवाज धूत नाही," त्या म्हणाल्या. "तुटलेला भाग ती भरून काढते. माणूस रोज काय बोलतो, ते तिला पाठ असतं."

"आणि तो वेगळंच काही बोलत असेल तर?"

"आवाज धड असेल तर तेच ऐकू येतं. फाटलेला असेल तर ती अंदाज करते." "अंदाज चुकतोही. पण चुकला हे कोणाला कळतच नाही, म्हणून तक्रार येत नाही."

खांबेटे घरी आले ते थेट स्टुडिओत. दोन अभंगांच्या मधलं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तुलनेला त्याचा काय उपयोग? आता तेच लावलं. आधी नवा डबा.

"चहा टाकते हो," वासंती म्हणत होती. रोज म्हणायची तसंच.

मग जुन्या डब्यातली तीच जागा. शब्द फाटलेले होते. त्यांना पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं.

"गिळताना दुखतंय हो मला."

त्यापुढे दोन्हीकडे त्यांचाच खुशीतला आवाज होता: "आलं घाल थोडं."

आधीच्या रेकॉर्डिंगमध्येही हेच होतं. त्याच्या आधीच्यातही. खांबेट्यांनी हेडफोन काढून ठेवले. महिन्यापूर्वी नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी वासंतीला तपासून आवाज ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं होतं. डॉक्टरांच्याही कानात मणी होता.

ते तसेच उघड्या कानांनी स्वयंपाकघरात गेले. रस्त्याचा गोंगाट अंगावर आला. वासंती ओट्याशी उभी होती. तिने त्यांच्या रिकाम्या कानांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. नुसता घोगरा वारा आला. काय म्हणालीस, असं त्यांनी अगदी जवळ जाऊन विचारलं.

"कितीदा सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली.