सिल्लोडचे सहा चेंडू

सर्जेराव जिना चढून आले ते करवादतच. मागे त्यांची बायको आशाबाई, पदर सावरत, गप्प.

"लुटलं मॅडम आम्हाला! भर सभेत लुटलं!"

पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत गुप्तहेरगिरी म्हणजे बहुतेक लग्नाच्या स्थळांची चौकशी. मुलगा पितो का, मुलीचं कुठं जुळलंय का. स्वरदा खानापूरकर या कामाला पार विटली होती. तिचे काका अनंतराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून मदतीला येत आणि मदत सोडून बाकी सगळं करत. त्यात नळाला आठव्या दिवशी पाणी, बोअर मार्चातच आटलेलं. आज तर जारवालाही आला नव्हता.

"पाणी देऊ?" स्वरदानं विचारलं.

"नको ताई," आशाबाई म्हणाल्या. "तुम्हालाच पुरत नसंल."

सर्जेराव गोदाकाठ बास्केटबॉल लीगमधल्या सिल्लोड संघाचे प्रशिक्षक. तीन वर्षं संघ तळाला.

"नवे खेळाडू घेताना पहिली निवड कोणाची, याची सोडत असती," ते सांगू लागले. "खालच्या तीन संघांचे मिळून दहा चेंडू, टेबल टेनिसचे असतात तसले पोकळ, दोन्ही अंगांना काळ्या शाईनं संघाचं नाव. तळाचे म्हणून सहा आमचे, जालन्याचे तीन, आप्पासाहेबांच्या शहर संघाचा एक. काचेच्या पेटीत खालून हवा सोडतात. ज्याचा चेंडू आधी नळीतून वर, त्याची निवड आधी."

"मग तळाच्यालाच सरळ पहिला नंबर द्यावा की," अनंतराव म्हणाले.

"मंग सगळेच मुद्दाम हरतील ना काका! म्हणून सोडत. आम्ही मातर खरंच हरलो!" सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. "पहिला आला आप्पासाहेबांचा. एकुलता एक! दुसरा जालन्याचा. आमच्या सहातला एकबी उडाला नाय."

स्वरदानं मनातल्या मनात हिशेब केला. "तिसात एकदा होतं असं."

"तिसात एकदा, अन् ते माझ्याच वाट्याला? नाय मॅडम. पिशोरचा ऋतुराज होता यंदा. सहा फूट दहा इंच! संघ चालवणारे कापसाचे जिनिंगवाले म्हणले, हा पोरगा आला तर संघ, नाय तर टाळं. बारा पोरं घरी बसतील. आप्पासाहेबांनी केलंय हे. मी उद्या पोलिसात जाणार."

"तुमचे चेंडू सोडतीआधी कोणाकडं होते?"

"आमच्याकडंच. आदल्या दिवशी वजन करून ज्याचे त्याला देतात, पूजेसाठी. रिवाजच आहे. मी जीपच्या काचेपाशी ठेवून सिल्लोडला नेले, डोळ्यासमोर. उन्हानं हात लावू देत नव्हते. घरी गेल्या गेल्या हिच्याकडं दिले."

"मी देवीच्या गळ्यात घातले," आशाबाई हळूच म्हणाल्या. "घागरभर पाण्याचा अभिषेक केला. परातीतलं पाणी रातभर तसंच ठेवलं, देवीचे पाय न् चेंडू त्यात बुडून थंडाव्याला असावेत म्हणून. सकाळी ओल्या फडक्यात बांधून दिले."

"बघा, किती श्रद्धेनं केलंय!" सर्जेराव म्हणाले. "अन् फळ हे!"

लीगचा सचिव चिन्मय आधीच वैतागलेला होता.

"मॅडम, दहा दिवस हेच चाललंय. सोडतीच्या आदल्या दिवशी वजन केलं, दहाही चेंडू सारखे. तक्रार आली म्हणून काल परत केलं, तेव्हाही सारखे. आता आणखी काय करू, डोकं आपटू?"

"सोडतीच्या आधी तासभर नाही केलं?"

"तेव्हा फक्त मोजले. सहा, तीन, एक."

"नंतर चेंडू कुठं होते?"

चिन्मयनं खिडकीकडं बोट दाखवलं. काचेच्या बरणीत दहा चेंडू ऊन खात पडले होते.

"त्या दिवशी पेटीत काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. हां, पेटी आतून पुसावी लागली, काचेवर दोनचार थेंब होते. या त्रेचाळीस डिग्रीत थेंब कुठून आले कोण जाणे! आणि ऐका, बाहेरच्यानं फेरफार केला असेल तरच फेरसोडत. संघाच्याच माणसानं केला असेल तर निकाल कायम."

"स्वतःचेच चेंडू कोण बिघडवेल हो!" अनंतराव हसले.

स्वरदा हसली नाही. तिनं सिल्लोडचा एक चेंडू मागून घेतला.

आप्पासाहेब त्यांच्या अंगणात टँकरची वाट बघत उभे होते. त्यांनी स्वरदाला बसाही म्हटलं नाही.

"सर्जेरावनं फोनवर आईबहिणीवरून शिव्या घातल्या मला. माझा एक चेंडू, तोही माझ्या नातीनं देव्हाऱ्यात ठेवला होता. मला तर वाटलं होतं, तिसरा नंबर ठरलेलाच. विचारा कोणालाही, मी सोडतीला गेलोसुद्धा नव्हतो."

"माणूस खरं बोलतोय," परतताना अनंतराव म्हणाले. "म्हणजे चिन्मय!"

"काका, चिन्मयला गडबड करायची असती तर त्यानं थेंबांचं सांगितलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सर्जेराव पोलिसांत द्यायचा अर्ज लिहूनच आले. आशाबाई सोबत होत्याच.

"नाव सांगा मॅडम. कोण तो हरामखोर?"

स्वरदाला ते नाव सांगायचं नव्हतं. पण अर्जावर आप्पासाहेबांचं नाव ठसठशीत लिहिलेलं होतं.

तिनं पेल्यात थोडं गरम पाणी ओतलं आणि चेंडू बोटानं त्यात दाबून धरला. अनंतराव ओरडले, "अगं, पाणी!"

चेंडूवरच्या काळ्या शाईतून बुडबुड्यांची बारीक धार निघाली. दुसऱ्या बाजूनंही.

"दोन भोकं. सुईची. शाईत दडली होती." तिनं चेंडू पुसून उजेडासमोर धरला. "आत पांढरा ठिपका दिसतोय? क्षार आहे, बोअरच्या पाण्याचा. चेंडू उन्हात तापले तशी आतली हवा फुगली. मग ते गार पाण्यात गेले, हवा आकसली आणि भोकांतून पाणी आत ओढलं गेलं. जड चेंडू हवेनं वर येईनात. पेटीतले थेंबही त्यांचेच. पुढं दहा दिवस खिडकीतल्या उन्हात पाणी उडून गेलं, म्हणून वजन पुन्हा सारखं भरलं."

"पण भोकं पाडली कोणी?" अनंतराव म्हणाले.

स्वरदा आशाबाईंकडं वळली. तिचा आवाज उतरला. "सुटे चेंडू देवीच्या गळ्यात राहत नाहीत, आशाताई. तुम्ही ओवलेत ना?"

आशाबाईंचा हात पदराशी थबकला. "माळ केली," त्या म्हणाल्या. "बारा पोरांची नावं घेत ओवले. मला काय ठाऊक..."

स्वरदाला स्वतःचाच राग आला होता. एवढी डोकेफोड करून हातात आलं ते हे.

"फेरसोडत?" सर्जेरावांनी विचारलं.

"नाही. संघाच्याच माणसाचा हात. निकाल कायम."

सर्जेराव बायकोकडं बघत होते. अर्ज मुठीत चुरगळला होता. आता हे फुटणार, असं अनंतरावांना वाटलं.

"त्या दिवशी तर टँकर आला नव्हता," सर्जेराव म्हणाले. "घागरभर पाणी आणलं कुठून?"

"होती तेवढीच घागर."

"मंग आपण काय पिलो?"

"शेजारच्या चंपाबाईनं तांब्याभर दिलं. ते तुम्हाला ठेवलं."

"अन् तू?"



सर्जेरावांनी अर्जाचे तुकडे करून खिशात टाकले. मग फोन काढला. "आप्पासाहेब, सर्जेराव बोलतोय. चुकलो मी. लई वाईट बोललो तुम्हाला. पिशोरच्या पोराला नीट सांभाळा." पलीकडचं ऐकायला ते थांबले नाहीत.

"पोरं मैदानावर थांबलीत," आशाबाई रडत म्हणाल्या. "त्यांना कसं सांगू? संघ माझ्यापायी गेला."

"तू काय सांगू नको. मी सांगतो."

"काय सांगणार?"

सर्जेराव उठले. निवलेल्या पाण्याचा तो पेला उचलून त्यांनी आधी बायकोच्या हातात दिला.

"नशीब म्हणून सांगतो. तिसात एकदा होतं असं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाय."