थोरलीकडे ठेवलेलं गाणं

माझ्या नवऱ्यानं, अनिरुद्धनं, मला सांगितलेलं काम साधंच होतं. एका गाण्याचा अर्थ लिहून द्यायचा. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा असली कामं माझ्याच गळ्यात पडणार. गाणं गायलं होतं सृष्टीनं, त्याच्या पहिल्या बायकोनं. खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या शिकून घ्यायचा तिला छंद होता. ती जाऊन पाच वर्षं झाली. तिच्या आठवणीसाठी त्याला ओव्यांचं एक छोटं पुस्तक काढायचं होतं.

आमचं घर शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी एकला खालची दुकानं बंद होतात आणि चारपर्यंत असा शुकशुकाट, की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यावं. नेमका त्याच वेळी, दर रविवारी, अनिरुद्ध मोबाइल छातीवर ठेवून ते रेकॉर्डिंग लावायचा. आधी जात्याची घरघर. मग तिचा जाडसर, गोड आवाज...

एकलीला ओढंना, जातं झालं जड भारी
ये गं माझ्या सई, बस माझ्या समोरी

माझा आवाज चिरका आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, पण माझं बोलणं त्यानं असं डोळे मिटून कधी ऐकलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत बाईशी निदान भांडता तरी येतं.

तेव्हा मी अर्थ लिहिला तो असा: 'ही बाई नवऱ्याला विटली आहे. घरात तिचं मन लागत नाही, म्हणून ती मैत्रिणीला हाका मारते.' हे खोटं आहे, हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

त्यानं कागद दोनदा वाचला. "म्हणजे... ती इथे सुखी नव्हती?"

"मी काय सांगू? गाणं तिनंच निवडलंय," मी म्हणाले.

त्यानंतर तीन रविवार रेकॉर्डिंग लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून मी खूश होते. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

चौथ्या रविवारी पुस्तकासाठी परवानगी घ्यायला मी एकटीच हिंजवडीला गेले. ती ओवी सृष्टीला चंद्रभागाबाईंनी शिकवलेली. आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींमागे त्यांच्या दोन खोल्या उरल्या आहेत. मी सृष्टीच्या नवऱ्याची दुसरी बायको, एवढं सांगून मी त्यांना माझा अर्थ वाचून दाखवला.

"असं लिवलंय व्हय? बाई, ह्ये गाणं दुसरेपणावर आलेल्या बायकूनं म्हनायचं. मेलेल्या थोरलीनं छळू नये म्हून धाकली पयल्या दळणाला तिला समोर बसाया बोलावती. आमच्यात तशी रीतच हाय."

"पण सृष्टी तर पहिलीच बायको होती..."

"तिनं हट्टानं शिकून घेतलं. म्या म्हनलं व्हतं, ह्ये तुझं न्हाय." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुमचं गाणं, तिच्यापाशी ठेवल्यालं. तुमी त्येचा असा अर्थ केल्यावर ती कशाला ठेवून घील?"

परतताना घसा खवखवत होता. बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. जिन्यातच घरघर ऐकू आली. म्हणजे त्यानं ते परत लावलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा वर चढले आणि दारातच थबकले. ओवी तीच होती... पण आवाज चिरका होता. माझा होता. मी आयुष्यात ती ओवी गायलेली नाही.

अनिरुद्ध कॉटच्या कडेवर मान खाली घालून बसला होता.

"नम्रता, तू हे कधी गायलीस?" त्यानं विचारलं. "इतकी विटलीस मला?"

"मी नाही गायले रे ते..."

तो ताडकन उठला. माझ्या तोंडून निघालेला आवाज जाडसर होता, गोड होता. तो मलाही ऐकू आला. मी तोंडावर हात दाबला.

त्यानं तो हात हळूच बाजूला केला. तीन वर्षांत इतक्या मायेनं त्यानं मला कधी हात लावला नव्हता. मला माझ्याच तोंडाचा हेवा वाटला. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"थांबू नकोस," तो पुटपुटला. "काहीही बोल... पण बोल."

मी बोलत राहिले. मोबाइलमध्ये माझा आवाज अजून कुणाला तरी समोर बोलावत होता. अनिरुद्धनं डोळे न उघडताच चाचपडत तो बंद केला.