देवघरातलं सहावं फूल

“ही बघा वही! दर रविवारी लिहिलंय, ‘पडताळणी बरोबर’. मग माझ्या आबांचा व्हिडिओ गेला कुठं?”

अश्विनीनं वही टेबलावर आपटली आणि शेफालीचा चहा सांडला. कापूरहोळच्या टायरच्या दुकानावर शेफालीचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. तिचा जोडीदार कुंडलिक फडकं आणायला गेला आणि आणखी एक चहा घेऊन आला.

“बसा आधी,” शेफाली वैतागून म्हणाली. “नीट सांगा.”

अश्विनी मार्गासनीची. तिचं माहेर वेल्ह्याच्या वर डोंगरात, धनगरांची अकरा घरं. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहतो हे दाखवलं तरच जागेचा हक्क मिळणार होता, आणि सुनावणी उद्या अकराला होती. तिच्या वडिलांनी, हैबतींनी, मे महिन्यात डोंगरावर फिरून जुन्या खुणा दाखवल्या होत्या. ते तिनं मोबाईलवर टिपून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं आणि मोबाईल रिकामा केला. श्रावणात हैबती गेले, आणि परवा कॉम्प्युटर बंद पडला.

“पण घाबरायचं कारण नव्हतं. माझे मालक, स्वरूप, दर रविवारी अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज काढतात. म्हंजे आतलं सगळं जसंच्या तसं वेगळ्या डिस्कवर. वर पडताळणी. काल तुमच्या समोरच्या दुकानातल्या सोमेश्वरनं त्यातनं कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. सगळं आलं, आबा तेवढे न्हाईत! कुणीतरी मुद्दाम काढलंय. त्या जागेवर लई जणांचा डोळा हाय.”

शेफालीनं वही चाळली. सप्टेंबर : सुरुवात नऊ, शेवट साडेबारा. नोव्हेंबर : सुरुवात नऊ, शेवट पावणेदहा.

“मशीन सरावलं असेल,” कुंडलिक म्हणाला.

“कुंडलिक, ते मशीन आहे, बैल नाही.”

रस्त्यापलीकडे सोमेश्वरचं दुरुस्तीचं दुकान होतं. विचारायच्या आधीच त्यानं हात वर केले.

“म्या काय पुसलं न्हाई मॅडम. इमेज चांगली हाय. जे घेतलं ते बरोबर घेतलंय, एवढंच पडताळणी सांगती. जुनी हार्डडिस्क मेलीय. पुण्याला पाठवायची तर पंधरा दिवस.”

“सुनावणी उद्या आहे!”

“त्याला म्या काय करू?”

बॅकअपची डिस्क शेफालीनं हातात घेतली. काळी, चकचकीत. कडेला पातळ प्लास्टिक अजून चिकटलेलं होतं.

“ही तुझ्याकडून कधी घेतली?”

सोमेश्वर एकदम स्क्रू शोधायला लागला. “स्वरूपदादांनाच इचारा.”

कॉम्प्युटर आणि डिस्क गाडीत घालून मार्गासनीला पोहोचेपर्यंत दुपार झाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. माऊसवर कुंकू, प्रिंटरवर कुंकू, एक्स्टेन्शन बोर्डालाही सोडलं नव्हतं.

“दसऱ्याला आत्या सगळ्याला लावतात,” अश्विनी म्हणाली. सासू तिची सख्खी आत्याच होती. “डिस्कपासून विळ्यापर्यंत.”

स्वरूप आधीच तापलेला होता. “आठवड्याची सुट्टी त्यात घालवतो, आणि वर माझ्यावरच संशय! सॉफ्टवेअर बरोबर म्हणतंय तर बरोबर.”

“एकदा तरी इमेज उघडून व्हिडिओ चालवून पाहिला?”

“बरोबर आलंय म्हटल्यावर कशाला उघडायचं?”

शेफालीनं कपाळ चोळलं. सकाळपासून हेच चाललं होतं. ज्याला विचारावं तो हात झटकत होता.

ओसरीवर त्याची आई, बाळाबाई, तांदूळ निवडत होत्या. अश्विनी पुटपुटली, “आत्यांना नका त्रास देऊ. त्यांना काय कळतंय डिस्कमधलं?”

“मला कोन इचारतंय,” बाळाबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या.

शेफालीनं चप्पल काढली आणि देवघराला नमस्कार केला. देवांचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे पाच टाक, आणि झेंडूची फुलं सहा. सहावं फूल एका घडी केलेल्या लाल खणावर होतं. ती बाहेर आली आणि खुर्ची ओढून बसली.

“स्वरूपराव, दसऱ्यानंतर तुमची जुनी डिस्क हरवली. बायको आकाशपाताळ एक करील म्हणून तुम्ही गुपचूप तशीच दुसरी आणली.”

“कोण म्हणतं?”

“एक्स्टेन्शन बोर्डालासुद्धा कुंकू आहे, आणि या डिस्कवर टिपूस नाही. प्लास्टिकही निघालेलं नाही. ही दसऱ्याला या घरात नव्हतीच.”

स्वरूपची मान खाली गेली. “नवी निम्म्या मापाची मिळाली. सगळं मावंना. मग नुसता ‘सी’ भाग घ्यायला लागलो.”

“आणि व्हिडिओ ‘डी’त. म्हणून साडेतीन तासांचे पाऊण तास झाले. दर रविवारी अर्ध्याच कॉम्प्युटरची पडताळणी, आणि ती बरोबरच यायची!”

“अवं, मला सांगायला काय झालं व्हतं तुमाला?” अश्विनी ओरडली. “अकरा घरं रस्त्यावर येतील उद्या!”

“पण मग जुनी कुठंय?” कुंडलिकनं विचारलं.

“पाच टाकांना सहा फुलं कशाला लागतात?” शेफाली ओसरीकडे वळली. “बाळाबाई, खणात कोण आहे?”

ताटातला हात थांबला.

“माझा भाऊ हाय,” बाळाबाई म्हणाल्या. “दसऱ्याला ह्यो म्हनत व्हता, जागा उरली न्हाई, ही डिस्क पुसून टाकतो. हैबतीचा आवाज त्यातच हाय, हे म्या ऐकलं व्हतं. भावाचा टाक सासरच्या देवघरात बसत न्हाई, ठावं हाय मला. पर त्याला पुसू कशी देऊ? पानी न्हाई घातलं, इजंचं हाय म्हनून. नुसतं कुंकू आन्‌ फूल.”

“आई, मी फक्त जुन्या इमेज पुसणार होतो गं!”

“तसं मला कुनी सांगितलं?”

खण उलगडला. डिस्क कुंकवानं लाल झाली होती. स्वरूपनं ती पुसून जोडली, दसऱ्याआधीची इमेज उघडली आणि पडताळणीला लावू लागला.

“ती नको!” शेफाली कडाडली. “व्हिडिओ चालवून दाखवा.”

पडद्यावर डोंगर आला, मग काठी टेकत हैबती. एका दगडी जोत्याशी थांबून ते कॅमेऱ्यात बघत, घरी असलेल्या बहिणीला म्हणाले, “आक्का, तूच सांग गं. हितंच आपला गोठा व्हता न्हवं?”

“व्हय रं हैबती, हितंच,” ओसरीवरून बाळाबाई म्हणाल्या. “तुला म्या हितंच कडंवर खेळवलाय.” पदर डोळ्यांना लागला. अश्विनी त्यांना बिलगून हमसून हमसून रडली.

शेफाली मात्र ताडकन उठली. “बाळाबाई, वय काय तुमचं?”

“ऐंशी पार झाली. जलम तितलाच माझा.”

“धन्य आहे तुमची! डिस्कसाठी दोन दिवस रान उठवलंत, आणि भावाहून मोठी, जिवंत साक्षीदार इथं ओसरीवर तांदूळ निवडतेय!”

अश्विनीनं डोळे पुसले. “आत्या, तुम्ही कधी बोलला का न्हाई?”

“इचारलं का कुनी?”

त्यांनी निवडलेले तांदूळ डब्यात ओतले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “ती डिस्क उद्या काम झालं की माघारी देवघरात आली पायजे. आन्‌ गाडी किती वाजता येनार, ते सांगा. मला चांगलं लुगडं काढून ठिवायचंय.”