छत्तीस पॉइंट चार

मे महिन्यात दीपमाला डायनोचं काम सकाळी अकराच्या आत उरकून टाकत असे. त्यानंतर पत्रा तापायचा, हवा पातळ व्हायची आणि आकडे पडायचे. पण बाबाराव आले ते साडेबाराला, आणि त्यांना उद्या या म्हणायची सोय नव्हती.

तिचं वर्कशॉप शहराबाहेर बिलासपूर रोडला, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या अलीकडे. आत मधोमध डायनो, म्हणजे जमिनीत बसवलेला साडेचारशे किलोचा पोलादी ड्रम. गाडीचं मागचं चाक त्यावर ठेवायचं, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि गिअर टाकून पळवायची. गाडी जागची हलत नाही, ड्रम फिरतो. तो किती झपाट्यानं वेग घेतो यावरून चाकापर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली ते कॉम्प्युटर सांगतो. गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या दीपमालाला या यंत्राची एकच गोष्ट मनापासून आवडायची. त्याला कोणाची भीड नव्हती.

टेम्पोतून उतरवलेली गाडी तिनं लगेच ओळखली. लाल-काळी स्पोर्ट बाइक. पाच महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, सुशील नावाचा मुलगा ती घेऊन आला होता. कंपनी बेचाळीस हॉर्सपॉवर सांगते, खरी किती आहे बघायचं होतं त्याला. नऊ दिवसांनी सिलतऱ्याच्या रस्त्यावर, बंद कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रेलरवर तो मागून आदळला. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. हे सगळं तिनं पेपरात वाचलं होतं.

"तूच का ते दीपमाला?"

"हो. बसा ना, काका."

"बसाले नाही आलो." बाबाराव सत्तरीला टेकलेले, तात्यापाऱ्यातले, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. उन्हातून येऊनही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत टाइप केलेला अर्ज होता. मागं त्यांची मुलगी निधी, ओढणीनं तोंड झाकून उभी. "माझ्या पोट्ट्याची गाडी तू बिघडवली. तिच्यात काहीतरी करून तिले पळती केली. आता माझ्यासमोर मोज. पुढचा भाग नवा बसवला आहे, इंजिनाले कोणी हात लावला नाही."

"मी काहीच केलं नाही. कंपनीतून आली तशीच होती. तो मोजून घेऊन गेला फक्त."

"आणि गेला त्या दिवशी सकाळी? तुझ्या दारात उभा होता तो. समोरच्या चहावाल्यानं पाहिलं आहे."

"त्या दिवशी शटर बंद होतं, काका. मी दुर्गला गेली होती."

"मोज तू. जास्त निघाली की हा अर्ज आज ठाण्यात जाते."

"पापा, आप बैठ जाइए ना," निधी हळूच म्हणाली. ते बसले नाहीत. आवाज लागू नये म्हणून कानात घालायला दिलेले बोळेही त्यांनी खिशात टाकले आणि हँडलपासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले.

दीपमालानं पट्ट्या आवळल्या, दोन्ही पंखे लावले, गाडीवर बसली. भीती नव्हती. आकडा तिच्या बाजूचा होता. चौथा गिअर, मग एका दमात पूर्ण थ्रॉटल. शेड दणाणलं. काट्यानं मीटरवरची तांबडी रेघ गाठली तसा तिनं हात सोडला.

छत्तीस पॉइंट चार.

"डिसेंबरातही इतकेच होते," ती म्हणाली. "चाकापर्यंत येता येता एवढे कमी होतातच. बघा, जुनी फाइल दाखवते."

तिनं जुना आलेख उघडून नव्यावर ठेवला. आणि पडद्यावर एकच रेघ राहिली.

आधी तिला वाटलं, फाइल उघडलीच नाही. तिनं जुनी बंद केली, परत उघडली. एकच रेघ. तीच गाडी लागोपाठ दोनदा मोजली तरी रेघा केसभर इकडेतिकडे होतात. इथे तर पाच महिने गेले होते, आणि तेव्हाची थंडी कुठे, आजचे चव्वेचाळीस डिग्री कुठे.

इंजिनाच्या मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर रेघेत एक खाच होती. ती खाच तिला पक्की आठवत होती. डिसेंबरात गाडीवर सुशील स्वतः बसला होता आणि ऐन भरात त्याला शिंक आली होती. हात सुटला, रेघ खाली बसली. दोघंही हसले होते.

आज कोणी शिंकलं नव्हतं. तिचा हात सुटला नव्हता.

"तोंड काहून उतरलं तुझं?" बाबाराव म्हणाले.

"काही नाही. सारखंच आहे."

"सारखं आहे म्हणून उतरते का तोंड? पुन्हा चालव."

पडद्याच्या कोपऱ्यात हवेचं तापमान दिसतं. तिथे सतरा होतं. सेन्सरची वायर तिनं काढून पुन्हा बसवली. सतराच.

दुसऱ्या वेळी तिनं मुद्दाम वेगळं केलं. तिसऱ्या गिअरला घेतली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. क्लच दाबला, न्यूट्रल केली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली आणि खाली उतरली. आता अर्ध्या मिनिटात ड्रम आपोआप थांबायला हवा.

ड्रमचा वेग उतरत उतरत ताशी चाळिसावर आला. आणि तिथून चढू लागला.

पन्नास. पासष्ट. ऐंशी.

इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त ड्रमची घरघर आणि चेनची बारीक सळसळ. दीपमालानं ड्रमचा ब्रेक दाबला. मग भिंतीवरचा मुख्य स्विच पाडला. पंखे थांबले. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. आकडा चढतच होता.

"दीदी, बंद करो इसको!" निधी ओरडली.

"बंदच आहे," दीपमाला म्हणाली आणि किल्ली दाखवली.

पंखे थांबले तरी वारा लागत होता. तो गाडीच्या पुढून येत होता, जिथं नुसती भिंत होती. निधीची ओढणी मागं उडाली. वाऱ्याला सकाळच्या धुक्याचा वास होता आणि त्यात कारखान्यांचा जळका धूर मिसळलेला.

मधेच वेग कमी व्हायचा, पुन्हा उचल घ्यायचा. कोणीतरी गतिरोधक ओलांडावेत तसा. पाच मिनिटं तिघंही जागचे हलले नाहीत. शेवटच्या मिनिटात आकडा शंभराच्या खाली आला नाही.

एकशे दहा. एकशे अठरा.

"सुशील," बाबाराव म्हणाले. दटावल्यासारखं, घरात म्हणावं तसं. "हळू."

थ्रॉटलची मूठ फिरली.

तिघांनीही पाहिलं. मुठीवर कोणाचा हात नव्हता. ती सावकाश, पुरती, शेवटापर्यंत फिरली आणि तिथेच राहिली. शेजारचा ब्रेकचा दांडा हललाही नाही.

बाबारावांनी पुढं होऊन तो दांडा धरला. दोन्ही हातांनी दाबला. पांढरी पडेपर्यंत बोटं आवळली.

एकशे चोवीस.

शून्य.

साडेचारशे किलोचा ड्रम असा थांबत नाही. तो थांबला. धक्का नाही, आवाज नाही. थ्रॉटलची मूठ टक् करून जागेवर आली. पडद्यावर एकूण अंतर उमटलं : सात किलोमीटर दोनशे मीटर.

"इथून त्या फाटकापर्यंत तेवढंच आहे," बाबाराव म्हणाले. "मी रिक्षा करून मोजलं होतं."

निधी दाराशी जाऊन रडत होती. दीपमालाच्या तोंडून एक वाक्य बाहेर यायला बघत होतं. डिसेंबरात छत्तीसचा आकडा पाहून सुशीलचा चेहरा पडला होता, तेव्हा ती गमतीनं म्हणाली होती, "गाडीत कमी नाही रे, तुझ्या हातात कमी आहे. थ्रॉटल पूर्ण कधी उघडतोस तू?" तो हसला नव्हता. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आताही तिनं सांगितलं नाही.

"तुम्ही पाहिलं, काका. गाडी जशीच्या तशी आहे. छत्तीस पॉइंट चार."

"पाहिलं."

"मग अर्ज?"

त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, एकदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तिच्याकडे पाहिलं तेव्हा डोळे कोरडे होते.

"अर्ज ठाण्यात जाईल," ते म्हणाले. "कोणाचं तरी नाव त्यात पाहिजे. माझ्या पोट्ट्याचं नाव मी नाही टाकू देणार."

"पापा, ये गलत है।"

"तू चल."

टेम्पोवाला जेवायला गेला होता, त्याला आणायला ते निधीला घेऊन उन्हात उतरले. मागं वळून पाहिलं नाही. दीपमाला एकटीच गाडीच्या पट्ट्या सोडू लागली. तिला ती आपल्या छताखाली आणखी एक मिनिटही नको होती.

मागच्या पट्ट्या सुटल्या. मग ती पुढच्या चाकाशी बसली. डायनोवर पुढचं चाक फिरत नाही. ते लोखंडी चिमट्यात घट्ट आवळलेलं असतं, आणि चिमटा तसाच आवळलेला होता. टायर कोरं होतं. गाडी लावताना त्यावर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केसही तिनं पाहिले होते.

तिनं टायरवर हात टेकला आणि झटक्यात मागं घेतला. ते पोळत होतं.

रबराचे केस झिजून गेले होते. खाचांमध्ये काळी राख भरली होती, सिलतऱ्याच्या रस्त्यावर पसरलेली असते तशी. तिनं बोटानं थोडी काढून उजेडात धरली.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. राख दवानं भिजलेली होती.