चिखलातला नंबर

मनिष, बंद कर बाबू तो पिच्चर. एकटा हिरो पंधरा गुंडे मारते अन् शर्टाची इस्त्रीही मोडत नाही! बदला घेणं लय थकवणारं काम असते, पोट्टेहो. भोजराजले विचारा.

सिहोऱ्याचा भोजराज, माझ्या मावसभावाचा पोरगा. त्याची बायको रुपा त्याच्या डोळ्यासमोर रेतीच्या टिप्परखाली गेली. गाडीचा मागचा डावा लाईट फुटला होता, एवढंच त्याले दिसलं. पोलीस म्हणे, नंबर सांग. कुठून सांगन? रेतीवाले घाटावरच प्लेटले चिखल थापतात. गाड्या कोणत्या शेठच्या, साऱ्या गावाले ठाऊक. बोलते कोण?

वर्षभर त्याच्या डोळ्याले डोळा नाही. मागच्या संक्रांतीच्या आदल्या राती बारा वाजता शेतातल्या पाण्याच्या मोटारीची लाईन आली, तसा तो उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याले, म्हणजे रोपाले, पाणी द्याले निघाला. त्याची नऊ वर्षांची पोरगी गुड्डी घरी झोपली होती. खांद्यावर फावडं पायजे होतं. कुऱ्हाड होती.

"मंग, गोमाजीबाबा?"

मंग काय! वळणावर त्यानं लाकूड आडवं टाकलं अन् अलीकडं झुडपात बसला. एक वाजून वीस मिनिटांनी टिप्पर आला. थांबला. मागचा डावा लाईट... फुटका.

ड्रायव्हर लाकूड हटवाले समोर उतरला. भोजराज मागून निघाला. कुऱ्हाड उचलली...

टिप्परच्या मागं कोणी वाकलं होतं.

बाई होती. उजव्या लाईटाच्या उजेडात पदरानं प्लेट पुसून राहिली होती. हळूहळू. धानाच्या रोवणीवरून थकून आलेली बाई चूल सारवते तशी.

"रुपा..."

तिनं मान वळवली नाही. "घरी जा ना जी. पोट्टी एकटी आहे."

मग... कोणी नाही. प्लेट साफ. टिप्पर निघून गेला. भोजराज रस्त्यावर बसून रडला, नंबर घोकत.

घरी आला, त दांडीवर रुपाची साडी. वर्षभर कोणी हात लावला नव्हता. पदर चिखलानं ओला...

सकाळी त्यानं नंबर दिला. ड्रायव्हर आत गेला. शेठ? बाहेरच आहे ना बे! बाकीच्या गाड्या चालूच आहेत. मरूनही बिचारीले आराम नाही.

अजूनही राती टिप्पर गेला, की सकाळी गुड्डीले तो पदर धुवा लागते.